प्रवासी, प्रतिमा आणि ऋण : ‘चांगल्या’ छायाचित्राचा प्रश्न

१

प्रवासात चांगली छायाचित्रे कशी काढावीत याचे मार्गदर्शन करणाऱ्या पुस्तिकांतील सूचना बहुधा ठरावीक असतात. सकाळचा किंवा मावळतीचा तिरपा प्रकाश साधावा. चौकटीचे तीन समान भाग कल्पून मुख्य विषय मध्यापासून थोडा बाजूला ठेवावा. पार्श्वभूमीतील पसारा टाळावा. विषयाच्या जवळ जावे आणि नेमका क्षण येईपर्यंत वाट पाहावी. या सूचनांत गैर असे काही नाही. त्यांचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा ध्यानात येत नाही. देवळाचे शिखर, डोंगराची कड, बाजारातील मिरच्यांचा ढीग आणि त्या ढिगामागे बसलेली बाई या सर्वांना त्या सारख्याच अर्थाने ‘विषय’ मानतात. शिखराच्या बाबतीत जो सल्ला, तोच बाईच्या बाबतीत; फार तर तिच्याकडे पाहून हसावे, एवढी एक सूचना अधिक असते, आणि तीही चेहरा मोकळा दिसावा म्हणून. छायाचित्र चांगले आले की काम झाले, असे हे शास्त्र मानते.

पण ‘चांगले’ हा शब्द इतका सरळ नाही. मराठीत चित्र चांगले असते आणि माणूसही चांगला असतो. पहिल्या प्रयोगात तो शब्द घाटाविषयी, कौशल्याविषयी आणि पाहणाऱ्याला लाभणाऱ्या आनंदाविषयी बोलतो, दुसऱ्यात आचरणाविषयी. हे दोन अर्थ परस्परांपासून अलग ठेवता येतात का, हा मराठी समीक्षेला नवा प्रश्न नाही. कलावाद आणि जीवनवाद यांचा जुना झगडा याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्यविधानाला लौकिक हिताहिताच्या हिशेबातून सोडवू पाहिले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी कलाविचाराची दोन टोके दाखवली आणि त्यांपैकी एकाच टोकाला धरून बसल्यास कलाव्यवहाराचा उलगडा होत नाही, या निष्कर्षाकडे विचार नेला. या वादांत उदाहरणे मुख्यतः काव्य, कादंबरी, संगीत आणि चित्र यांची आली. छायाचित्र त्यांत अभावानेच आले. वस्तुतः याच कलाप्रकारात तो प्रश्न सर्वांत निकराचा होतो.

याचे कारण छायाचित्राच्या माध्यमद्रव्यात आहे. कादंबरीतील दरिद्री विधवा ही लेखकाची निर्मिती असते. तिच्या मागे प्रत्यक्षातील दहा स्त्रिया उभ्या असल्या तरी त्यांपैकी कोणालाही ‘ही मीच’ असे म्हणून लेखकाच्या दारात उभे राहता येत नाही. निदान सहजासहजी येत नाही. चित्रकारासमोर बसलेली व्यक्ती बदलली तरी चित्र पुरे होऊ शकते. छायाचित्र मात्र विशिष्ट क्षणी, विशिष्ट माणसावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा ठसा असते. समोरची वस्तू तेथे ‘होती’, हे छायाचित्राचे सार असल्याचे प्रतिपादन रोलाँ बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात केले, ते याच अर्थाने. म्हणजे येथे घाट ज्या द्रव्यातून घडतो, ते द्रव्य म्हणजे कोणाचे तरी अस्तित्व असते. मूर्तिकाराला दगडाची क्षमा मागावी लागत नाही. छायाचित्रकाराची स्थिती तशी आहे का?

त्यातही प्रवाशाची स्थिती निराळी. गावातला छायाचित्रकार ज्याचे छायाचित्र काढतो, त्याला तो उद्या पुन्हा भेटणार असतो. छायाचित्र बिघडले, तर जाब देणार असतो. प्रवासी निघून जातो. निघून जाणे हेच त्याचे लक्षण आहे. त्याने काढलेली प्रतिमा ज्या ठिकाणी पाहिली जाईल, तेथे ती व्यक्ती नसेल आणि जेथे ती व्यक्ती आहे, तेथे ती प्रतिमा बहुधा पोहोचणार नाही. प्रवासी छायाचित्राचा नैतिक प्रश्न या अंतरात आहे.

२

या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे होईल. १९३६ सालच्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ही अमेरिकन छायाचित्रकार सरकारी कामगिरीवरचा महिनाभराचा प्रवास आटोपून मोटारीने घरी परतत होती. पाऊस पडत होता. कॅलिफोर्नियातील निपोमो या ठिकाणी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला रस्त्याकडेला दिसली. ती न थांबता पुढे गेली आणि सुमारे वीस मैल गेल्यावर परत फिरली. गोठवणाऱ्या थंडीने वाटाण्याचे पीक बुडाले होते आणि मजूर कामाविना अडकून पडले होते. तेथे एका कनातीखाली मुलांसह बसलेल्या एका स्त्रीची काही मोजकी छायाचित्रे तिने, क्रमाक्रमाने जवळ जात, घेतली. हे सारे काम जेमतेम दहा मिनिटांत झाले. तिने त्या स्त्रीचे नाव विचारले नाही. वय तेवढे कळले : बत्तीस.

त्यांतील शेवटचे छायाचित्र ‘स्थलांतरित माता’ या अर्थाच्या नावाने विसाव्या शतकातील सर्वाधिक छापल्या गेलेल्या प्रतिमांपैकी एक ठरले. पुस्तिकांतील प्रत्येक सूचना त्यात पाळलेली दिसते. छायाचित्रकार जवळ गेली आहे. पसारा वगळला आहे : आधीच्या छायाचित्रांत दिसणारा तंबूचा परिसर आणि थोरली मुलगी शेवटच्या चौकटीत नाहीत. दोन मुलांनी पाठ फिरवून आईच्या खांद्यांत तोंडे लपवली आहेत. त्यामुळे पाहणाऱ्याला चेहरा एकच मिळतो. गालाला टेकलेला हात आणि दूर लागलेली नजर यांमुळे चौकटीला ख्रिस्ती चित्रपरंपरेतील माता-बालकाच्या रचनेचे वजन येते. कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा लँगला इतका खुपला की, काही वर्षांनी तो निगेटिव्हवरून पुसट करवून घेण्यात आला.

या छायाचित्राचे परिणामही चांगले झाले. ती छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात आली आणि तळावर अन्नाची मदत पाठवण्यात आली. ती पोहोचेपर्यंत हे कुटुंब मात्र पुढे निघून गेले होते. मग १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, त्या स्त्रीने आपण कोण हे एका स्थानिक वृत्तपत्राला कळवले. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. जन्माने ती चेरोकी या आदिवासी समाजातील होती. छायाचित्रातून आपल्याला काही मिळाले नाही आणि ते काढले गेले नसते तर बरे झाले असते, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. छायाचित्रासोबत सांगितला गेलेला तपशीलही, विशेषतः अन्नासाठी मोटारीचे टायर विकल्याचा, तिच्या कुटुंबाने नाकारला. १९८३ साली ती आजारी पडल्यावर तिच्या मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी तीस हजार डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्याच वर्षी ती वारली.

या हकिगतीचे नैतिक मूल्यमापन कसे करावे? उपयुक्ततावादी उत्तर सोपे आहे. एका स्त्रीला थोडा संकोच झाला. त्या बदल्यात अनेकांच्या तोंडात घास पडला आणि एका देशाला आपल्या दारिद्र्याचे भान आले. हिशेब छायाचित्राच्या बाजूने लागतो. कांटच्या परंपरेतील उत्तर याच्या उलट बाजूने येते. व्यक्तीला केवळ साधन म्हणून वापरता कामा नये. पण ‘केवळ’ या शब्दावर येथे सारे अडते. लँगच्या आठवणीप्रमाणे त्या स्त्रीला छायाचित्रांचा उपयोग होऊ शकेल असे वाटत होते, म्हणून तिने साहाय्य केले; त्यात एक प्रकारची बरोबरी होती. हे खरे असेल, तर ‘केवळ साधन’ हा आरोप टिकत नाही.

तरीही काहीतरी शिल्लक राहते. थॉम्पसनची तक्रार इजेची नाही. तिला कोणी दुखावले नव्हते. ती शुद्ध फसवणुकीचीही नाही. आपल्यापासून काहीतरी निघाले, ते जगभर फिरले, मोठे झाले, आणि त्याचा आपल्याशी असलेला संबंध कोणी मान्य केला नाही, अशी ती तक्रार आहे. परिणामांच्या हिशेबात किंवा साधन-साध्याच्या भाषेत या तक्रारीला जागा नाही. तिच्यासाठी वेगळी संकल्पना शोधावी लागते.

३

संमती ही अशी संकल्पना म्हणून सहज सुचते. आधी विचारावे, हो म्हटल्यास छायाचित्र काढावे, असा नियम केला की प्रश्न सुटेल, असे वाटते. दुसरे एक उदाहरण या समजुतीची मर्यादा दाखवते. १९८४ च्या अखेरीस स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन छायाचित्रकाराने पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत, शाळेच्या तंबूत, एका अफगाण मुलीचे छायाचित्र काढले. जून १९८५ मध्ये ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले. मुलीचे नाव त्यासोबत नव्हते. सतरा वर्षांनी, २००२ साली, मॅकरी आणि त्याचे सहकारी तिच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा तिचे नाव शरबत गुला असल्याचे जगाला कळले. ज्या चेहऱ्याने कोट्यवधी लोकांच्या मनात घर केले होते, तो चेहरा तिने स्वतः छापलेला कधी पाहिलाच नव्हता. परक्या पुरुषाने छायाचित्र काढल्याचा आपल्याला त्या वेळी राग आला होता, हे तिला आठवत होते. म्हणजे पाहणाऱ्यांनी ज्या नजरेत युद्धाचे भय, निर्वासितांचे दुःख आणि आणखी बरेच काही वाचले, त्या नजरेत निदान अंशतः छायाचित्रकाराविषयीचाच रोष होता. प्रतिमा ज्याच्याविषयी बोलत होती, तो कॅमेऱ्याच्या मागे उभा होता.

समजा, बारा वर्षांच्या त्या मुलीने होकार दिला असता. तरी तो कशाला? काही क्षण स्तब्ध उभे राहण्याला, की पुढच्या चाळीस वर्षांत आपला चेहरा एका सबंध देशाचे चिन्ह होण्याला? २०१६ साली बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली, तिची पाठवणी अफगाणिस्तानात झाली आणि २०२१ साली तिला इटलीत आश्रय मिळाला. या प्रत्येक टप्प्याची जगभर बातमी झाली, ती या छायाचित्रामुळे. त्याने तिला संकटात टाकले असेल, तसा आधारही दिला असेल. काहीही असो, छायाचित्राच्या क्षणी या भविष्याची कल्पना ना तिला होती, ना मॅकरीला. जे कोणालाच ठाऊक नाही त्याला संमती देता येत नाही. संमती आवश्यक असते. ती पुरेशी नसते.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि समीक्षेच्या दृष्टीने तीच कळीची आहे. दोन्ही स्त्रियांची नावे गेली आणि त्या जागी जातिवाचक संज्ञा आल्या : स्थलांतरित माता, अफगाण मुलगी. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. त्या प्रतिमांच्या सौंदर्याचीच ती अट आहे. थोरली मुलगी चौकटीबाहेर गेल्यामुळेच ‘माता’ उभी राहते. शरबत गुलामागे शाळेचा फळा आणि इतर मुली दिसल्या असत्या, तर ‘अफगाणिस्तान’ दिसले नसते. एक वर्ग दिसला असता. वैश्विकता म्हणून जिचे कौतुक होते, ती विशिष्टाला खोडून मिळवलेली असते. त्यामुळे ‘छायाचित्र उत्तम आहे, ते मिळवण्याची रीत तेवढी शंकास्पद आहे’ अशी सोयीची विभागणी येथे चालत नाही. ज्या कृतीने प्रतिमेला घाट येतो, त्याच कृतीने व्यक्ती नाहीशी होते. कलावाद आणि जीवनवाद यांना येथे वेगवेगळ्या खोल्यांत राहता येत नाही.

या खोडण्याला इतिहास आहे, आणि तो भारताला चांगला परिचित आहे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या संग्रहात या देशातील माणसांची छायाचित्रे जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडली गेली. समोर बसलेला माणूस त्यात बहुतांशी एखाद्या वर्गाचा प्रतिनिधी असतो. खालच्या मजकुरात त्या वर्गाच्या स्वभावाविषयी निवाडे असतात. आजचा प्रवासी राज्यकर्ता नाही आणि त्याचा हेतू वर्गीकरणाचा नाही. परंतु ‘राजस्थानी वृद्ध’, ‘काशीचा साधू’, ‘कोळीण’ अशा शीर्षकांची छायाचित्रे तो जेव्हा घरी नेतो, तेव्हा त्या खंडांचीच एक पुरवणी तयार होत असते. दलित साहित्याच्या चळवळीने मराठी वाङ्मयाला विचारलेला प्रश्न येथे आठवल्याशिवाय राहत नाही. बाहेरून येऊन सहानुभूतीने केलेले चित्रण हे चित्रित माणसाचे असते की सहानुभूतीचे?

४

इंग्रजीत छायाचित्र ‘घेतले’ जाते. छायाचित्रणाविषयीची पाश्चात्त्य नैतिक चर्चा या क्रियापदाच्या छायेत वाढली आहे. सुझन साँटॅग यांनी १९७७ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात कॅमेऱ्याला शिकारीच्या हत्याराच्या पंक्तीला बसवले, आणि छायाचित्र काढणे म्हणजे समोरच्यावर एक प्रकारचा ताबा मिळवणे होय, असे मांडले. घेतलेली वस्तू एकतर चोरलेली असते किंवा विकत घेतलेली. त्यामुळे चर्चा लूट आणि मोबदला या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते. अरिएला अझूले यांनी २००८ साली या कोंडीतून वाट काढताना कराराची कल्पना पुढे आणली : छायाचित्र ही छायाचित्रकाराची एकट्याची मालमत्ता नसून छायाचित्रकार, छायाचित्रित व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यातील नागरी करार आहे. ही कल्पना मोलाची आहे, कारण तिने प्रेक्षकाला जबाबदारीच्या वर्तुळात आणले. परंतु करार हा ज्यांना करार मोडता येतो त्यांच्यात होतो. निपोमोच्या कनातीत किंवा नासिर बागच्या तंबूत अशी स्थिती नव्हती.

मराठीत छायाचित्र ‘घेतले’ जात असले, तरी रूढ प्रयोग ‘फोटो काढणे’ हाच आहे. ‘काढणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. चित्र काढतात, रांगोळी काढतात. तेथे निर्मितीचा अर्थ आहे. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात. तेथे आत असलेले बाहेर आणण्याचा अर्थ आहे. आणि कर्जही काढतात. तेथे दुसऱ्याचे असलेले, परत करण्याच्या बोलीवर, आपल्याकडे आणण्याचा अर्थ आहे. छायाचित्राच्या संदर्भात हे तिन्ही अर्थ एकदम खरे आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंची दखल सौंदर्यशास्त्राने घेतली आहे. तिसरा अर्थ नैतिक विचाराला उपयोगी पडणारा आहे.

छायाचित्र हे ऋण आहे असे मानल्याने काय साधते? प्रथमतः, ऋण काढणे हा अपराध नव्हे. प्रवाशाने छायाचित्रे काढूच नयेत असा कर्मठ निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोष ऋण काढण्यात नसतो. ते नाकारण्यात आणि विसरण्यात असतो. दुसरे असे की, ऋणाला धनको असतो आणि त्याला नाव असते. अनामिकाचे देणे लागत नाही. म्हणून ऋण विसरण्याची पहिली पायरी नाव विसरणे ही असते. तिसरे आणि महत्त्वाचे : भारतीय परंपरेतील ऋणाची कल्पना व्यापारी देण्यापुरती मर्यादित नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडून मोकळे होण्यासारखी ऋणे नव्हेत. ती मान्य करत जगायचे असते आणि ज्यांच्याकडून मिळाले त्यांना शक्यतो परत न देता पुढे द्यायचे असते. थॉम्पसनच्या तक्रारीचे स्वरूप याच भाषेत स्पष्ट होते. तिला मोबदला हवा होता असे म्हणणे अपुरे आहे. जे निघाले ते आपल्याकडून निघाले, ही मान्यता हवी होती. १९८३ साली अनोळखी लोकांनी पाठवलेल्या पैशांना दानापेक्षा अशा मान्यतेचे स्वरूप अधिक होते.

येथे एक आक्षेप संभवतो. ऋण म्हटले की ते चुकते करण्याची घाई येते आणि प्रवाशाच्या खिशात सुटे पैसे असतातच. छायाचित्राआधी किंवा नंतर नोट पुढे केली की हिशेब मिटतो. हे चुकते करणे किती भीषण रूप घेऊ शकते, ते अंदमानात दिसले. जारवा लोकांची छायाचित्रे काढण्यास मनाई असूनही त्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे तांडे त्यांना ‘पाहायला’ जात राहिले. २०१२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिचित्रफितीत जारवा स्त्रियांना अन्नाच्या मोबदल्यात नाचायला सांगितले जात असल्याचे दिसले, तेव्हा देशभर संताप उसळला. तेथे मोबदला होता, आणि तोच अपमानाचे साधन झाला. ऋण आणि मोबदला यांत हा भेद आहे. मोबदल्याने संबंध संपतो. ऋणाने तो सुरू होतो.

अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’तील (१९७६) म्हातारीची कविता या भेदाचा फार कठोर प्रत्यय देते. देवस्थानात आलेल्या पाहुण्याच्या बाहीला ती धरते, पन्नास पैसे मागते, त्या बदल्यात एक देऊळ दाखवू म्हणते. पाहुणा तिला झटकू पाहतो. मग त्याची नजर तिच्या डोळ्यांकडे जाते, आणि शेवटी, तिच्या समोर तो स्वतःच तिच्या हातातल्या चिल्लरीएवढा होऊन राहतो. पाहायला आलेला येथे पाहिला जातो. पर्यटक ज्या सुट्या पैशांनी सुटका करून घेणार होता, तेच त्याचे माप ठरतात. कॅमेरा हे नेमके अशा उलट्या नजरेपासून वाचण्याचे साधन आहे. डोळ्यापुढे यंत्र धरलेल्या माणसाचा चेहरा समोरच्याला दिसत नाही. देवदर्शनाच्या भारतीय कल्पनेत पाहणे दुहेरी असते : भक्त देवाला पाहतो आणि देवाच्या दृष्टीस पडतो. पर्यटनाच्या कल्पनेत ते एकेरी करून टाकलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऋणाचा असा विचार केल्यास सत्ताधाऱ्यांचे अत्याचार, दंगली, उपासमार यांची नकळत काढलेली छायाचित्रेही संकोचाच्या फेऱ्यात सापडतील आणि साक्ष देण्याचे कामच थांबेल. यावर असे म्हणता येईल की, ऋण ज्याच्याकडून काहीतरी मिळाले त्याचे असते. लाठी उगारणाऱ्या हाताच्या प्रतिमेने त्या हाताचे ऋण होत नाही. त्या हाताने जे केले ते उघड करणे हा त्याच्याशी व्यवहारच नव्हे. लाठी ज्याच्या पाठीवर पडते त्याचे ऋण मात्र होते. म्हणून साक्षीच्या छायाचित्रातही मार खाणाऱ्याचे नाव, त्याची बाजू आणि त्याचे पुढे काय झाले याची चौकशी ही कामगिरीच्या बाहेरची सौजन्यकृती ठरत नाही. ती साक्षीचाच भाग ठरते. साँटॅग यांनीही २००३ साली या विषयाकडे पुन्हा वळताना, प्रतिमांच्या माऱ्याने संवेदना बधिर होते या आपल्या आधीच्या मताविषयी शंका घेतली.

५

ऋणाची जाणीव ही छायाचित्रकाराच्या मनातील खासगी भावना राहिली, तर समीक्षेला तिच्याशी कर्तव्य नाही. ती घाटात उतरते का, हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे.

जॉन बर्जर यांनी १९७८ सालच्या एका निबंधात खासगी आणि सार्वजनिक छायाचित्रांत भेद केला. घरातल्या भिंतीवरचे आईचे छायाचित्र ज्या जीवनातून आले त्याच जीवनात राहते. सार्वजनिक प्रतिमा मात्र संदर्भातून तोडली जाऊन कोणत्याही कामाला लागते. उपाय म्हणून त्यांनी छायाचित्राभोवती शब्दांचे, इतर प्रतिमांचे, स्मृतीचे जाळे पुन्हा विणण्याचा विचार मांडला. या दृष्टीने पाहता एकच अंतिम, पूर्ण, स्वयंभू छायाचित्र हा आदर्शच तपासून पाहावा लागतो. लँगची त्या दिवशीची सर्व छायाचित्रे एकत्र ठेवली की, थोरली मुलगी परत येते, तंबू परत येतो, आणि ‘माता’ पुन्हा एक बाई होते. ती मालिका शेवटच्या प्रतिमेइतकी सुंदर नाही, पण तिला अधिक काही कळलेले आहे.

दुसरा मार्ग प्रवाशाने स्वतःला चौकटीत आणण्याचा. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या मृत्यूनंतर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ वे इंटू इंडिया’ या पुस्तकातील छायाचित्रांत अँबॅसडर मोटार वारंवार येते. तिचे दार, खिडकीची चौकट, बाजूचा आरसा दृश्याला कापत जातात. बाहेरचा देश दिसतो, पण मोटारीतून दिसतो, हे लपवलेले नाही. पुस्तिकांच्या मते हा पसारा आहे. येथे मात्र त्या पसाऱ्याने पाहणाऱ्याची जागा, त्याचा वेग आणि काचेमागची त्याची सुरक्षितता उघड केली आहे. ही कबुली रचनेतच आहे. तिला मथळ्याची गरज नाही.

मराठी प्रवासलेखनात या प्रश्नाची जुनी उत्तरे आहेत. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांनी दक्षिणेच्या आशेने प्रवास केला, झाशीचा वेढा पाहिला आणि १८८३ च्या सुमारास ‘माझा प्रवास’ लिहिला. तो १९०७ साली छापला गेला. येथे पाहणारा सुरक्षित नाही. ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याच अन्नावर आणि आसऱ्यावर तो जगला आहे. इरावती कर्वे ‘परिपूर्ती’तील (१९४९) ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालतात. चालण्याचा आनंद त्या लिहितात, आणि एकाच दिंडीत जातीनुसार वेगळी होणारी जेवणे पाहून होणारा क्लेशही लिहितात. वारी हा आज छायाचित्रकारांचा आवडता विषय आहे. पावसाळी आकाश, पांढरे सदरे, टाळ, तुळशीवृंदावन, रिंगणात उधळलेला घोडा यांची देखणी छायाचित्रे दरवर्षी निघतात. वेगळ्या पंगतींची निघत नाहीत. याचे कारण त्या दिसत नाहीत हे नव्हे. त्या दिसण्यासाठी काही मुक्काम सोबत चालावे लागते, सोबत चालणाऱ्याला कुठल्या तरी पंगतीत बसावे लागते, आणि बसलेल्याला कोपऱ्यात उभे राहून पंगत टिपता येत नाही.

तिसरा मार्ग न काढण्याचा, किंवा काढून न दाखवण्याचा आहे. बार्थ यांच्या ग्रंथाचा सारा उत्तरार्ध त्यांच्या आईच्या लहानपणीच्या एका छायाचित्राभोवती उभा आहे. ते छायाचित्र मात्र त्यांनी छापलेले नाही. इतरांच्या दृष्टीने ते हजारांतले एक ठरेल, हे त्यांना ठाऊक होते. छायाचित्राविषयीच्या विसाव्या शतकातील एका श्रेष्ठ ग्रंथाच्या केंद्रस्थानी रिकामी जागा असावी, ही घटना बोलकी आहे. क्योतोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे धावणाऱ्या पर्यटकांमुळे २०१९ साली खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला मनाई करावी लागली, हेही न काढण्याचेच उदाहरण. पण तेथे ते बाहेरून लादावे लागले. जे आतून सुचत नाही, ते शेवटी फलकावर लिहावे लागते.

६

आज प्रत्येक प्रवाशाच्या हातात कॅमेरा आहे आणि छायाचित्र काढण्यास काहीही खर्च येत नाही. फिल्मच्या काळात छत्तीस प्रतिमांची मर्यादा निदान निवडीला भाग पाडत असे. त्या काळी बहुतेक प्रतिमा आधी काळ्या-पांढऱ्याची उलटापालट झालेल्या निगेटिव्हच्या रूपात, म्हणजे शब्दशः ऋण रूपात, जन्माला येत. हा योगायोग बोलका म्हणावा असा आहे. अशा स्थितीत ऋणाचा विचार अव्यवहार्य वाटेल. त्यातून प्रवाशासाठी नवी नियमावली निघत नाही, हे खरे आहे. त्याऐवजी पुस्तिकांतील जुन्याच सूचनांचा अर्थ बदलतो. जवळ जावे, म्हणजे जितके जवळ गेल्यावर नाव विचारावे लागते, तितके. वाट पाहावी, म्हणजे समोरचा माणूस आपल्याला पाहून घेईपर्यंत. पार्श्वभूमीतील पसारा टाळण्यापूर्वी त्या पसाऱ्यात कोण उभे आहे, हे पाहावे.

एवढे करूनही एक पेच सुटत नाही, आणि तो सुटल्याचा आव आणू नये. निपोमोचे छायाचित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते, असे थॉम्पसनला वाटले. ते पाहिलेल्या कोणालाही तसे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही. चांगले छायाचित्र आणि चांगले वर्तन यांना एकाच तत्त्वात गोवू पाहणारी कोणतीही मीमांसा येथे एका बाजूला अन्याय करील. काही श्रेष्ठ कृती देणे शिल्लक ठेवून उभ्या असतात. त्यांचे श्रेष्ठत्व मान्य करताना ते देणेही उच्चारावे लागते.

हे उच्चारणे केवळ छायाचित्रकाराचे काम नाही. त्या प्रतिमेच्या रचनेविषयी, तिच्यातील मातृत्वाच्या परंपरेविषयी, नजरेच्या दिशेविषयी चार दशके लिहिले गेले. लिहिणाऱ्यांत जाणते समीक्षक होते. ती बाई जिवंत होती, पिके तोडत होती, मुले वाढवत होती. लँगला दहा मिनिटे होती आणि पाऊस पडत होता. समीक्षेला बेचाळीस वर्षे होती.